बादलीतला फरक

सोमवार, सतरा नोव्हेंबर. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. बादलीत गोगलगायी एकोणीस.

फिटरने आकडा वहीत लिहिला, पेनाला टोपण लावले आणि सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा मोजले. एकोणीसच. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याची पहिली आणि दुसरी मोजणी कधी वेगळी आली नव्हती, आणि या गोष्टीचा त्याला अभिमान नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल.

"काय फिटरसाहेब, हजेरी झाली का?" पंपाच्या ऑपरेटरने चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवत विचारले. "कुणी रजेवर नाही ना आज?"

"एकोणीस हजर."

"महिनाअखेर तुम्ही रिटायर होणार. मग यांची हजेरी कोण घेणार? मी तर बुवा हात लावणार नाही. शेंबडासारखं लागतं ते."

"हातानं धरायचंच नाही. पळीनं उचलायचं. किती वेळा सांगितलं."

मत्स्यसंशोधन केंद्राच्या टाक्यांना समुद्राचे पाणी पुरवणारे हे पंपघर. पाणी आधी एका खोल विहिरीत येई. विहिरीच्या तोंडाशी पितळी जाळी बसवलेली होती आणि दर पंधरवड्याला भरती पाहून ती जाळी चेनपुलीने वर उचलावी व घासावी लागे. जाळीवर शेवाळ धरे, कालवे चिकटत, पिसांसारखे बारीक झुबके उगवत. त्या झुबक्यांवर चरायला येत त्या समुद्रातल्या बिनशंखाच्या गोगलगायी. बोटाच्या पेराएवढ्या, गर्द निळ्या, काठाला पिवळी किनार, डोक्यावर दोन इवलीशी शिंगे आणि पाठीवर कल्ल्यांचा तुरा. पाण्याबाहेर काढली की चिकट गोळा. तोच गोळा पाण्यात सोडला की मिनिटभरात कळी उमलावी तसा उमलून, आपला तुरा पसरून, जणू काही झालेच नाही अशा थाटात चालू लागे. फिटरला हे दृश्य एकतीस वर्षांत एकदाही शिळे वाटले नव्हते.

जे जिवंत निघेल ते जिवंत परत सोडा, एवढाच केंद्राच्या साहेबांचा मूळ हुकूम होता. मोजायला कुणी सांगितले नव्हते. पण फिटर तंत्रशाळेत शिकलेला माणूस. सोडल्या म्हणजे किती सोडल्या, याचा आकडा नसेल तर त्या कामाला काम म्हणायला त्याची जीभ वळत नसे. म्हणून त्याने स्वतःच टी-स्क्वेअर लावून वहीचे रकाने आखले. तारीख, वेळ, जाळीवरून काढल्या, खडकात सोडल्या, फरक, शेरा. साहेबांनी ती वही पाहिली, मान डोलावली आणि तेव्हापासून ती केंद्राची अधिकृत नोंद झाली.

काढलेल्या गोगलगायी पंपघराजवळच सोडल्या तर त्या पंपाच्या ओढीने पुन्हा जाळीवरच येत. म्हणून त्या पलीकडच्या खडकांतल्या डबक्यांत नेऊन सोडायच्या. अकरा वर्षांपूर्वी तिकडे जायला दगडी पायऱ्या झाल्या आणि दहा मिनिटांत बादली रिकामी होऊ लागली. पण गेल्या महिन्याच्या वादळात त्या पायऱ्या वाहून गेल्या होत्या. आता जुन्या काळासारखी ओहोटीची वाट पाहायची, खडक उघडे पडले की वळसा घालून जायचे. म्हणजे चार तास बादली सावलीत ठेवणे आले. फिटरने ओले फडके बादलीवर टाकले आणि तो पंपाचे पॅकिंग बदलायला बसला.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी तो खडकांवर पोहोचला. डबक्याशी उकिडवा बसला, गुडघ्याने एक सणक दिली, तिकडे दुर्लक्ष करून पळीने एकेक गोगलगाय उचलून पाण्यात सोडू लागला. बादली रिकामी झाली तेव्हा त्याची मोजणी सतरावर थांबली होती.

त्याने बादली उलटी केली. फडके झटकले, उलटून पाहिले. वाटेने परत जाऊन खडकांच्या खाचा पाहिल्या. काही नव्हते. सकाळी दोनदा मोजलेल्या एकोणीस, आणि आता सतरा.

'वय झालं,' त्याच्या मनात आले. 'नजर गेली माझी.' एवढी वर्षे ज्या मोजणीवर तो पाय रोवून उभा होता, तिच्याखालची वाळू सरकल्यासारखी वाटली. डबक्याच्या काठावर हात टेकून तो पुन्हा पाण्यात पाहू लागला, आणि तेव्हा त्याला पांढरी दिसली.

थंडीच्या दिवसांत निळ्या गोगलगायींबरोबर एखादी पांढरीही जाळीवर निघे. तीही तेवढीच, अंगावर नारिंगी ठिपके, आणि कातडी इतकी पातळ की आरपार दिसावे. त्याने ती कधी वेगळी मोजली नव्हती. गोगलगाय म्हणजे गोगलगाय. रंगाचा रकाना वहीत नव्हता. आज ती पांढरी डबक्याच्या तळाशी सुस्त पडली होती आणि दुप्पट फुगली होती. तिच्या कातडीतून आत काहीतरी निळे दिसत होते. आणि तिच्या तोंडातून, पिवळ्या किनारीचे, बारीकसे शेपूट बाहेर आले होते. फिटर पाहत असतानाच ते शेपूट सावकाश आत गेले.

तो किती वेळ तसा बसून राहिला, त्याची नोंद नाही. त्याच्या आयुष्यातल्या फार थोड्या गोष्टींची वेळ त्याने टिपलेली नाही. त्यातली ही एक.

कारण त्याला त्या क्षणी आवाज ऐकू आला तो आपल्या मेहुण्याचा. पंधराएक वर्षांपूर्वीचा, पण काल बोलल्यासारखा स्पष्ट.

"भाऊजी, एक सांगू का? हसू नका हां. बादलीत पांढरी असली ना, की एखाददुसरी कमी भरते. मला वाटतं ती गिळते."

आणि त्यावरचे स्वतःचे उत्तरही ऐकू आले. "लाज वाटत नाही? स्वतःच्या आळसाचा आळ मुक्या जिवावर घेतोस?"

मेहुणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, याच पंपघरात मदतनीस होता. त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो सकाळी सुरू झाला की पाळी संपल्याशिवाय बंद होत नसे. वही सुरू झाली त्याच वर्षी तो लागला, आणि चौदा वर्षे दोघांनी मिळून ती जाळी उचलली. जाळीवरची मोजणी फिटरची, खडकातली मोजणी रेडिओची. आणि फरक यायचा. दर वेळी नाही, पण यायचा. कधी दोन, कधी तीन. फिटरने स्वतःची मोजणी दोनदा केलेली असल्यामुळे चूक कुणाची हे त्याच्या लेखी उघड होते. काळ्या दगडावरची रेघ. फरक आला की शेऱ्याच्या रकान्यात तो लाल शाईने लिही : 'मोजणारा निष्काळजी.'

आणि रेडिओ तसा दिसायचाही. शीळ घालत बादली न्यायचा, वाटेत कुणी भेटले की बादली खाली ठेवून गप्पा ठोकायचा. अशा माणसाने नीट मोजले असेल यावर कुणाचा विश्वास बसेल? शेवटी अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी फिटरने ती वही साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली, सगळ्यांच्या देखत. "हा माणूस मोजत नाही. तोंडाला येईल तो आकडा टाकतो." साहेबांनी रेडिओकडे पाहिले. चोवीस तास बडबडणारा तो माणूस, त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. त्याची बदली भांडारात झाली. वर्षभर पेट्या मोजल्या आणि मुदतीआधीच नोकरी सोडून त्याने शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान टाकले.

त्यानंतर पायऱ्या झाल्या, बादली दहा मिनिटांत रिकामी होऊ लागली, फिटर दोन्ही मोजण्या स्वतः करू लागला, आणि फरक शून्यावर आला. आणखी काय पुरावा हवा होता? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे तो बायकोला म्हणालाही होता. दोघा पुरुषांत त्या दिवसापासून आजतागायत बोलणे नव्हते.

*

पंपघरात परत येऊन त्याने हात धुतले आणि जुन्या तीन वह्या कपाटातून काढल्या. तांबड्या शाईचे शेरे त्याने एकेक करून कागदावर उतरवले. सदतीस. मग त्यांच्या तारखा महिन्यांप्रमाणे लावल्या, आणि हे आधी कधी केले नव्हते याची त्याला शरम वाटली. सदतीसच्या सदतीस तारखा नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतल्या होत्या. उरलेल्या सात महिन्यांत, चौदा वर्षांत, एकाही गोगलगायीचा फरक नव्हता.

निष्काळजी माणूस थंडीपुरताच निष्काळजी होत नाही. एवढे साधे गणित. आकडे त्याच्यासमोर, त्याच्याच अक्षरात, त्यानेच आखलेल्या रकान्यांत चौदा वर्षे पडले होते.

वह्या घेऊन तो प्रयोगशाळेत गेला. तिथल्या मॅडम तिशीच्या, उत्साही, आणि त्याला काका म्हणणाऱ्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"हो काका, ती दुसऱ्या गोगलगायींना खाते. अख्खीच्या अख्खी गिळते. त्यात नवीन काही नाही, पुस्तकात आहे ते."

"पुस्तकात आहे," फिटर म्हणाला.

"केव्हाचं. तुम्ही विचारलं का नाही कधी?"

या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर होते. पण ते मॅडमना देण्याजोगे नव्हते. त्याने विचारले, "ह्या वह्या शुक्रवारी मुख्य कार्यालयाला जाणार ना?"

"हो, सगळ्या नोंदी संगणकात चढवणार आहेत. इतकी वर्षं सलग मोजणी कुठेच नाही, काका. तुम्हाला कल्पना नाही किती मोलाचं काम आहे ते."

"शेरेसुद्धा चढवणार?"

"जसेच्या तसे. का?"

"शेऱ्यात चूक आहे."

"गोगलगायींबद्दल?"

"नाही. माणसाबद्दल."

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिले. "चूक तुमची असेल तर दुरुस्तही तुम्हीच करा. सही-तारखेसह."

"करायची आहे. पण इथे बसून नाही करता येणार. वह्या बाहेर न्याव्या लागतील."

नोंदवही आवाराबाहेर न्यायची नाही, हा नियम होता, आणि तो फिटरनेच पंपघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावला होता. शेवटी मॅडमनी गेटपास केला. 'नोंदवह्या, नग तीन, परत आणणे.' पहारेकऱ्याने तो पास दोनदा वाचला.

"फिटरसाहेब, तुम्ही? वह्या बाहेर? आज सूर्य कुठून उगवला?"

"उशिरा उगवला," फिटर म्हणाला. पहारेकऱ्याला काही कळले नाही.

*

बायको खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या करीत होती. त्याने वह्या टेबलावर ठेवल्या, खुर्चीत बसला, आणि सकाळी सहा चाळीसपासून सगळे क्रमाने सांगितले. ती घड्या घालीत राहिली. पांढरीच्या तोंडातल्या शेपटापर्यंत आला तेव्हा मात्र तिचे हात थांबले.

"म्हणजे तो मोजत होता," ती म्हणाली.

"मोजत होता."

"बरोबर मोजत होता."

"हो."

तिने हातातला शर्ट पुन्हा उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घातली. ती रडेल असे त्याला वाटले होते, चिडेल असेही वाटले होते. तिने दोन्ही केले नाही.

"अकरा वर्षं मी एकटी जाते त्याच्याकडे," ती म्हणाली. "दर वेळी निघताना तो एकच विचारतो. भाऊजींचा गुडघा कसा आहे."

"मला कधी बोलली नाहीस."

"कसं बोलणार? त्याचं नाव काढलं की तुमचा चेहरा असा व्हायचा, जाळीवर कालव धरावं तसा." थोड्या वेळाने ती उठली. "मला नका सांगत बसू. जे आहे ते त्याला सांगा. आणि हो, तिथे जाऊन प्रस्तावना लावू नका. तुम्हाला सवय आहे."

"तू येतेस?"

"मुळीच नाही. मी आले की तो माझ्याकडे बघून लगेच माफ करेल. तुमच्याकडे बघून करू दे, जमलं तर."

*

दुकान अरुंद होते, एका खोलीचे. दोन्ही भिंतींना शिवणयंत्रे लावलेली, काहींची चाके काढून खिळ्यांना अडकवलेली, फळीवर बॉबिनांचे डबे आणि तेलाच्या चोचदार कुप्या. मेहुणा स्टुलावर बसून एका यंत्राच्या पोटात हात घालून गिऱ्हाईक बाईंशी बोलत होता.

"अहो वहिनी, मशीन अगदी ठणठणीत आहे. तुम्ही तिला तेल पाजत नाही, आणि वर म्हणता ती कुरकुरते. उपाशी ठेवलं तर मीसुद्धा कुरकुरेन!"

बाई हसत बाहेर पडल्या, आणि दारातला फिटर त्याला दिसला. बोलणे कापल्यासारखे थांबले. मेहुण्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, चिंधीला हात पुसले. केस पांढरे झाले होते. अकरा वर्षांत माणूस किती बदलतो, हे फिटर आज पहिल्यांदा पाहत होता.

"ताई बरी आहे ना?" पहिला प्रश्न तोच.

"बरी आहे."

"मग?"

फिटर वाटेत चार वाक्ये जुळवून आला होता. त्यातले पहिलेच त्याला आठवेना. तो म्हणाला, "पांढरी गिळते."

मेहुण्याने चिंधी खाली ठेवली.

"आज पाहिलं मी," फिटर म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी. एकोणीसच्या सतरा झाल्या. शेपूट तोंडात होतं अजून. तू म्हणाला होतास ते खरं होतं. तू बरोबर मोजत होतास. चूक माझी झाली. मी... चूक माझी होती."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.  मेहुण्याने दुसरे स्टूल पायाने पुढे सरकवले.

"बसा. त्या गुडघ्यावर भार देऊन उभे राहू नका."

फिटर बसला.

"अकरा वर्षं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "पहिली दोन वर्षं मी रोज तुमच्याशी भांडायचो. मनात. असे एकेक मुद्दे काढायचो, की तुमची बोलती बंद. इथे गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि मी आत तुमच्याशी भांडतोय. एकदा तर एका बाईला मोठ्यानं म्हणालो, 'मोजलंय मी!' ती बिचारी घाबरली. म्हणाली, मीही मोजूनच दिलेत हो पैसे."

फिटरला हसू आले.

"मग थांबलं ते," मेहुणा म्हणाला. "रोज रोज कोण भांडणार? पण लाज राहिली. साहेबांपुढे तुम्ही म्हणालात ना, हा मोजत नाही. परक्यानं म्हटलं असतं तर कानाआड केलं असतं. तुम्ही मला काम शिकवलंत. पाना कसा धरायचा ते तुम्ही शिकवलंत."

फिटरने मान खाली घातली.  त्याने पिशवीतून वह्या काढल्या, यंत्राच्या फळीवर ठेवल्या, खिशातून पट्टी आणि काळे पेन काढले.

"हे काय?"

"सदतीस शेरे आहेत. शुक्रवारी वह्या वर जाणार, कायमच्या. त्याआधी खोडायचेत. तुझ्यासमोर."

"माझ्यासमोर कशाला? तिथेच खोडायचे होते."

"ज्याच्यावर लिहिले त्याच्यासमोर खोडायचे. तारीख तू वाच. मी रेघ मारतो."

मेहुण्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. पहिली वही उघडली. ते ताठ, टपोरे अक्षर त्याने क्षणभर पाहिले आणि वाचले, "नऊ डिसेंबर. काढल्या चौदा. सोडल्या बारा."

फिटरने पट्टी लावली आणि लाल शब्दांवरून एक सरळ काळी रेघ ओढली. खाडाखोड नाही, गिचमिड नाही; खालचे वाचता आले पाहिजे आणि ते रद्द झालेले दिसले पाहिजे, हीच दुरुस्तीची पद्धत. बाजूला सही, आजची तारीख, आणि कारण : 'भक्षण.'

"पुढची?"

"सव्वीस डिसेंबर. बावीस, वीस. भाऊजी, त्या दिवशी पाणी काय गार होतं, आठवतं? माझी बोटं अशी वाकडी झाली होती, की बादलीची कडी सोडवेना. तुम्ही तुमचा मफलर हाताला गुंडाळून दिलात. आणि वर येऊन शेरा मारलात!"

"मफलर दिला ते आठवतं."

"शेरा आठवत नाही! माणसाचं कसं सोयीचं असतं बघा."

पाचव्या-सहाव्या शेऱ्यानंतर रेडिओ लागला. प्रत्येक तारखेला त्याच्याजवळ काही ना काही होते. कुठल्या दिवशी चेनपुली अडकली, कुठल्या दिवशी साहेब शेवाळावर घसरले आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखे केले. एक गिऱ्हाईक दारात आले. "उद्या या, आज महत्त्वाचं चाललंय," असे सांगून त्याने परत पाठवले. फिटर रेघा मारीत होता आणि ऐकत होता. चौदा वर्षे हे सगळे तो रोज ऐकत असे, आणि त्याला वाटे, हा आवाज कधी बंद होईल. मग एके दिवशी तो बंद झाला होता.

तिसऱ्या वहीत, छत्तिसावा शेरा खोडून झाल्यावर, मेहुण्याने पान उलटले आणि तो वाचायचा थांबला.

"एवढी नोंद राहू द्या," तो म्हणाला.

"कुठली?"

"तीन फेब्रुवारी. काढल्या एकतीस. सोडल्या बावीस."

नऊचा फरक. तो शेरा फिटरला पाठ होता. इतर ठिकाणी 'निष्काळजी' एवढेच लिहिले होते. इथे त्याने 'मोजणी केलेली नाही' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. साहेबांपुढे उघडले होते ते पान हेच.

"का राहू द्यायची?"

"कारण ते खरं आहे. त्या दिवशी मी मोजलं नव्हतं." मेहुण्याने चष्मा काढला. "त्या दिवशी ताईचं ऑपरेशन होतं, भाऊजी. तुम्ही विहिरीत उतरला होतात, मोठा पंप उघडा पडला होता. दवाखान्यातून निरोप आला की रक्त लागणार, लगेच या. निरोप तुमच्या नावानं होता. पण तुम्हाला वर काढायला अर्धा तास गेला असता. पंप तसाच सोडला असता तर टाक्यांतले सगळे मासे गेले असते. रक्त माझंही जुळत होतं. मी बादली डबक्यात उपडी केली आणि धावलो. रात्री येऊन डोक्यात आला तो आकडा टाकला."

फिटरला ती संध्याकाळ आठवली. तो दवाखान्यात पोहोचला तेव्हा मेहुणा बाकावर बसला होता, कोपरापाशी कापूस दाबून. 'सगळं नीट झालं,' म्हणाला होता. प्रत्येक गोष्टीची वेळ विचारणाऱ्या फिटरने त्याला, तू कधी आलास, एवढे विचारले नव्हते.

"तेव्हाच का नाही सांगितलंस? साहेबांपुढे तरी?"

"काय सांगू? चारचौघांत उभा राहून, की तुमच्या बायकोला रक्त द्यायला गेलो होतो म्हणून? तुमची मान खाली गेली असती. आणि तुम्हाला वाटलं असतं, उपकार काढतोय."

फिटरने पट्टी उचलली. ती त्या ओळीवर ठेवली.   मेहुण्याने पट्टीवर आपला तेलकट पंजा ठेवला.

"नाही, भाऊजी."

"हे मी खोडणार."

"नका. छत्तीस माझ्या नव्हत्या, त्या तुम्ही काढल्यात. ही माझी आहे. मी मोजलं नव्हतं. वहीत खोटं कशाला जायला हवं? तुम्हीच शिकवलंत ना, आकडा नाही तर नाही म्हणा, पण ठोकून देऊ नका?"

"पण कारण..."

"कारणाचा रकाना तुम्ही आखलाच नव्हतात." हे बोलताना तो हसला, अगदी पूर्वीसारखा. "राहू दे ती. माझी माझ्यापाशी राहू दे."

 मग फिटरने पट्टी काढून घेतली. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने दुरुस्तीचा गोषवारा लिहिला, खाली स्वतः सही केली आणि पेन मेहुण्यापुढे धरले. मेहुण्याने बोटे चिंधीला पुन्हा पुन्हा पुसली आणि कागदाला डाग लागू नये अशा बेताने, 'मोजणारा' या शब्दापुढे सही केली.

एकूण शेरे सदतीस. रद्द छत्तीस. कायम एक.